जत्रेला जाऊ, पण वाट मोकळी ठेवून

मी बचत गटांची सहयोगिनी आहे. आपल्या भागातल्या बारा गावांचे गट मी बघते. ह्या रेडिओवर मी आले की बहुतेक वेळा कर्ज, व्याज आणि थकलेले हप्ते ह्यावरच बोलते. आज ते सगळं बाजूला ठेवणार आहे. पाडवा झाला की आपल्याकडं यात्रांचा हंगाम सुरू होतो. आज ह्या गावची, परवा त्या गावची. लेकी माहेरी येतात, पुण्या-मुंबईची माणसं गाड्या करून येतात, घरात पुरणाचा वास आणि दारात चपलांचा ढीग. तर आज जत्रेविषयी बोलू.

आधीच सांगते, 'जत्रेला जाऊ नका' असं म्हणायला मी आलेली नाही. आपल्यातल्या कितीतरी बायांना वर्षातून स्वतःसाठी घराबाहेर पडायचे दिवस बोटावर मोजण्याइतके असतात, आणि त्यातला एक जत्रेचा असतो. तो कुणी काढून घेऊ नये. काही घडलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, 'बायकांनी गर्दीत जायचंच कशाला?' माझा प्रश्न वेगळा आहे. गर्दी दर वर्षी होते, कोणत्या तिथीला होते तेही ठाऊक असतं, मग तिच्यासाठी वाट कुणी मोकळी केली होती?

सातारा जिल्ह्यातल्या आपल्या पिढीला मांढरदेव विसरता येत नाही. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा, मंगळवार. वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाईची यात्रा होती. मी तेव्हा दहावीला होते. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला शाळेत गेलो तर मुलींच्या रांगेत कुणी बोलत नव्हतं, कारण गावागावांतून माणसं डोंगरावर गेलेली होती आणि कोण परत आलंय, कोण नाही, हे कळत नव्हतं. मोबाइल तेव्हा घरोघरी नव्हते. त्या दिवशी तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यात बायका आणि मुलं मोठ्या संख्येनं होती.

काय झालं होतं? देवळाकडं जाणारी वाट अरुंद, चढाची. दोन्ही बाजूंना दुकानं. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. पुढची माणसं घसरून पडली आणि मागच्यांना ते कळलंच नाही. मागून येणारा रेटा चालूच राहिला. मग संतापलेल्या काही लोकांनी दुकानं पेटवली, दुकानांतले गॅसचे सिलिंडर फुटले, आणि जी माणसं खाली पळू बघत होती ती अजूनच कोंडली. पुढं न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आता यात्रेच्या काळात तिथं पशुबळीला आणि नारळ फोडायला बंदीचे आदेश निघतात, रांगांसाठी कठडे आहेत, बंदोबस्त असतो. म्हणजे व्यवस्था करता येत होती. ती नंतर झाली.

तेव्हा गावात दोन गोष्टी बोलल्या गेल्या. कुणी म्हणालं, देवी कोपली. कुणी म्हणालं, लोक अडाणी, शिस्त नाही. मला दोन्ही पटत नाहीत. देवीचं मी देवीवर सोडते. पण शिस्तीचं म्हणाल, तर चढावर ओल्या पायरीवर मागून हजार माणसांचा रेटा आला तर शिकलेला माणूसही पडेल.

त्याआधी दीड वर्ष, २७ ऑगस्ट २००३ ला, नाशिकच्या कुंभमेळ्यात असंच झालं होतं. तिथंही अरुंद रस्ता, उतार, थांबवून ठेवलेली गर्दी. ३९ भाविक गेले. आणि मे २०२५ मध्ये गोव्यात शिरगावला श्री लईराई देवीच्या जत्रेत पहाटेच्या अंधारात चेंगराचेंगरी होऊन भाविकांचा जीव गेला. गावं वेगळी, देव वेगळे, वर्षं वेगळी, पण वाटेची गोष्ट बघा, सारखीच आहे.

आता एक गोष्ट मी जरा सावकाश सांगते, कारण ती मला स्वतःला एका प्रशिक्षणात पहिल्यांदा कळली आणि तोवर माझा समज वेगळा होता. आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येतं की माणसं पळाली, एक पडला, त्याला तुडवलं. असं होतंही. पण अशा गर्दीत बरीच माणसं जातात ती उभ्या-उभ्या, श्वास कोंडून. चारी बाजूंनी दाब आला की छाती फुलायला जागा राहत नाही. श्वास बाहेर जातो, आत येत नाही. ओरडायला हवा लागते, तीच नसते. म्हणून दहा हात मागं असणाऱ्याला आवाजही येत नाही. त्याला वाटतं, रांग नुसतीच अडलीय, जरा ढकललं की सरकेल.

नरसाळ्यातून ज्वारी ओतताना बघा. हळू ओतली तर भराभर पडते. एकदम ओतली की तोंडाशी अडते, आणि मग वरून कितीही ओता, उतरत नाही. देवळाचा दरवाजा म्हणजे नरसाळ्याचं तोंड. फरक एवढाच की दाण्याला श्वास घ्यायचा नसतो.

म्हणून गर्दी किती झाली हे ओळखायला शिका. चालताना अधूनमधून कुणाचा धक्का लागतो, ते ठीक. दोन्ही खांदे एकाच वेळी दुसऱ्यांना लागून राहिले, हात वर करून कपाळ पुसता येईना, तर तिथून बाजूला निघायची वेळ झाली. आणि आपण पाऊल न टाकताही गर्दीबरोबर पुढं-मागं हेलकावे खायला लागलो, तर ती फार वाईट खूण. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे आपण धान्य वाळवायला छोटं फडकं पसरतो तेवढ्या जागेत, पाच-सहापेक्षा जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो असं तज्ज्ञ सांगतात. देवीचं दर्शन तासाभरानं घेतलं म्हणून ती रागावत नाही.

तरी सापडलाच, तर दोन्ही हात छातीपुढं आडवे धरा, मुठी वळून, कोपरं बाहेर. छातीपुढं तेवढी पोकळी राहिली तर श्वास राहतो. रेट्याच्या उलट जोर लावू नका, दमून जाल. रेटा येतो आणि ओसरतो, लाटेसारखा. ओसरला की तिरपं-तिरपं कडेला सरका. पण भिंतीला किंवा कठड्याला चिकटून अडकू नका, तिथं दाब सगळ्यात जास्त. चप्पल गेली, पिशवी पडली, नारळ पडला, वाकू नका. लेकरू काखेत नको, पोटाशी समोर धरा किंवा खांद्यावर बसवा. पडलाच आणि उठता येईना, तर पालथं-उताणं न राहता कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोकं झाका. पदर आणि ओढणी घरातून निघतानाच खोचून घ्यायची. कशात अडकलेली ओढणी गळ्याला फास बसवते.

ही ओढणीची गोष्ट पाळण्यालाही लागू. हल्ली जत्रेत साधा आकाशपाळणा राहिला नाही, ब्रेक डान्स आला, टोराटोरा आला, होडी आली. पोरींना त्यात बसायचं असतं आणि त्यांनी बसावंही. पण बसायच्या आधी दोन मिनिटं उभं राहून बघा. पाळण्याचे पाय कशावर टेकलेत? विटा आणि फळकुटांवर टेकले असतील आणि पाळणा फिरताना ती हलत असतील, तर पोराला जिलेबी घेऊन द्या आणि पुढं चला. दांडी नीट अडकते का, चालवणारा शुद्धीवर आहे का, चारच्या जागी सहा बसवतोय का. केस बांधून, खाली दाबून, ओढणी काढून ठेवूनच बसायचं. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशात कन्नौज जिल्ह्यातल्या एका जत्रेत एका मुलीचे केस पाळण्यात अडकून डोक्याची कातडीच निघून आली. सप्टेंबर २०२२ मध्ये पंजाबात मोहालीच्या जत्रेत वर-खाली जाणारा मोठा पाळणा माणसांसकट उंचावरून धाडकन खाली आला, कितीतरी जण जखमी झाले. पाळणेवाल्याकडं तपासणीचा दाखला आणि परवाना मागायचा असतो. तो आपण तिकिटाच्या खिडकीवर मागत बसलो तर हसतील. तो कमिटीनं जागा देतानाच मागायचा. कमिटीचं पुढं बोलते.

लेकरांचं सांगायचं तर, हरवलेलं मूल बहुतेक वेळा सापडतं, पण ते दोन तास आईनं कसे काढले हे तिलाच विचारा. आपल्या मुलांना आईचं नाव माहीत नसतं, हे मी अंगणवाडीत कितीदा बघितलंय. 'आईचं नाव काय?' 'आई.' तिला पूर्ण नाव, गावाचं नाव शिकवा. सकाळी निघताना त्याच कपड्यांत मुलाचा एक फोटो मोबाइलमध्ये काढा. खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, किंवा पेनानं दंडावर आतल्या बाजूला लिहा. 'हरवलास तर पळत सुटू नकोस, आहेस तिथंच थांब, नाहीतर लेकरू कडेवर असलेल्या बाईला सांग' हे मुलाला चार वेळा म्हणवून घ्या.

आणि एक गोष्ट माइकवर बसणाऱ्या दादांसाठी. आपण काय पुकारतो? 'लाल शर्ट, निळी चड्डी, नाव अमुक, असा मुलगा मंडपात आहे, आईवडिलांनी घेऊन जावा.' सगळी खूणच पुकारून टाकली, तर कुणीही येऊन नाव सांगेल आणि घेऊन जाईल. फक्त एवढंच पुकारा की एक मूल मंडपात सुखरूप आहे. शर्ट कुठला, नाव काय, हे न्यायला आलेल्यानं सांगायचं. मूल त्याच्याकडं झेपावतं का तेही बघायचं. शंका आली तर पोलिसांकडं द्या, किंवा १०९८ ला फोन करा, तो मुलांसाठीचाच नंबर आहे.

चोरीचं फार सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. छबिना आला, सगळ्यांचे हात वर, माना वर, आणि गळ्यातलं गेलं. सोनं घरी ठेवा, काळी पोत पुरे. मोबाइल ब्लाउजमध्ये ठेवू नका, गर्दीत हात तिथं जातात आणि हात नेमका मोबाइलसाठी गेला की कशासाठी, हेही कळत नाही. हिसकावून नेलं तर तक्रार नक्की द्या. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हिसकावण्याचा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत कैद. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' असं कुणी म्हणालं तर सांगा, कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, त्यांनी तो पुढं पाठवायचा.

आता ज्याविषयी बायका फक्त एकमेकींत बोलतात ते. गर्दीत अंगाला लागणारे हात. आमच्या गटांच्या बैठकीत मी एकदा विचारलं, 'जत्रेत कुणाच्या अंगाला कधी मुद्दाम हात लागला नाही, अशी कोण आहे?' एकही हात वर झाला नाही. साठीची आजीही नाही. आणि 'घरी कुणी सांगितलं?' ह्यावरही एकही हात नाही. का सांगत नाही? पोरीनं सांगितलं तर पुढच्या वर्षी तिची जत्रा बंद होते, कधी कधी कॉलेजही. शिक्षा तिलाच. माझं आयांना सांगणं आहे, पोरगी सांगायला आली तर पहिलं वाक्य 'तू तिथं कशाला गेलीस' हे नको. 'कोण होता, कसा होता, चल दाखव' हे असू दे. जागेवर मोठ्यानं ओरडा. 'हात काढ' एवढंच, पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. असा हात टाकणं हा कलम ७४ चा गुन्हा आहे, कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो लागतो. ११२ हा नंबर पाठ असू द्या.

आणि ह्यातलं बरंचसं घडतं कुठं? गर्दीत तर घडतंच, पण जत्रेच्या कडेला, अंधारात जास्त. कारण बायकांना लघवीला जागा नसते. तमाशाला दोन हजार माणूस बसेल असा मंडप पडतो, पण बायकांसाठी चार पत्र्यांचा आडोसा नाही. मग दोघी-तिघी उसाच्या कडेनं जातात. एक बल्ब आणि एक आडोसा ह्याला काही लाख लागत नाहीत.

म्हणून कमिटी. आमच्या बारा गावांपैकी अकरा गावांच्या यात्रा कमिटीत एकही बाई नाही. वर्गणी मात्र घरटी घेतात, आणि ती कितीदा आपल्याच डब्यातून जाते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तो आपला हक्क आहे. तिथं यात्रेचा विषय मांडा आणि ठराव लिहून घ्या. देवळात जायची वाट आणि यायची वाट वेगळी पाहिजे. रुग्णवाहिका आत येईल एवढा एक रस्ता दुकानांशिवाय पाहिजे. जनरेटरच्या भोवती कठडा, आकडे टाकलेल्या वायरी नकोत, तुटकी जोड असलेली वायर ओल्या जमिनीवर नको. बाकीचं तुम्ही तुमच्या गावचं बघून घाला, मी इथं यादी वाचत बसत नाही.

पण मैत्रिणींनो, दुसऱ्याला सांगताना एक गोष्ट आपल्याही अंगावर येते. जत्रेत दुकानं कुणाची असतात? आता आपलीही असतात. भेळेची गाडी, पिठलं-भाकरीचा स्टॉल, पापड-कुरडया. आणि आपल्याला जागा हवी असते ती वाटेवरच, कारण माणूस तिथूनच जाणार. आपल्या स्टॉलखाली सिलिंडर असतो, आणि बऱ्याचदा तो घरचा लाल सिलिंडर असतो, धंद्याला तो चालत नाही हे माहीत असून. नळी जुनी, शेगडी वाऱ्याला. मांढरदेवला सिलिंडर फुटले ते कुणाचे होते? पोटापाण्यासाठी बसलेल्या आपल्यासारख्यांचेच.

गेल्या वर्षी आमच्या एका गावात पाच गटांनी मिळून ठरवलं की स्टॉल वाटेच्या एकाच बाजूला लावायचे, दुसरी बाजू मोकळी. शेगड्या सगळ्या मागं, शाळेच्या भिंतीकडं, वाऱ्याच्या आडोशाला, आणि वाटेवर नुसतं वाढायचं काम. प्रत्येक शेगडीजवळ वाळूची एक बादली. हे ठरताना भांडण झालं, खोटं कशाला सांगू. एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, 'पोरी, तू पगारावर आहेस. मला दोन दिवसांत वर्षाचं बी-बियाणं काढायचं असतं. आत बसलं तर गिऱ्हाईक वळत नाही.' त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. भेळेच्या गटाची आदल्या वर्षी १४ हजारांची विक्री झाली होती, गेल्या वर्षी साडेनऊ हजारांची झाली. समोरच्या मोकळ्या सोडलेल्या बाजूला दुसऱ्या दिवशी बाहेरगावचा एक रेवडीवाला येऊन बसला, ते वेगळंच. त्याला उठवायला कमिटीचं कुणी आलं नाही. आम्ही बायकांनीच त्याला समजावून बाजाराच्या पटात हलवलं, त्यात संध्याकाळ गेली.

त्याच रात्री छबिन्याच्या वेळी एका म्हाताऱ्या बाबांना चक्कर आली. १०८ ची गाडी त्या मोकळ्या बाजूनं थेट देवळापर्यंत आली. बाबांना काय झालं होतं, ते गाडी आली नसती तरी वाचले असते का, हे मला सांगता येणार नाही. पण गाडी पोहोचली हे सगळ्यांनी बघितलं.

यंदा कमिटीनं निरोप पाठवलाय की गटांनी पुन्हा दोन्ही बाजूंनी बसावं, जागाभाडं निम्मं करू. भाडं निम्मं म्हणजे आपल्या बायांना मोठी गोष्ट आहे. आम्ही उलट निरोप दिलाय की एकाच बाजूला बसतो, मोकळी बाजू कमिटीनं दोरी लावून राखावी, गेल्या वर्षी तुटलेल्या विक्रीपोटी भाडं पूर्ण माफ करावं, आणि कमिटीत दोन बायका घ्याव्यात. त्या ज्येष्ठ ताईंनीच हा हिशेब मांडला, मी नाही. भाडं माफ झालं तर तूट निम्म्यावर येते असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. कमिटीचं उत्तर अजून आलेलं नाही. शुक्रवारी दुपारी चार वाजता ग्रामपंचायतीत बैठक आहे. त्या गावातल्या ज्या ऐकत असतील त्यांनी यावं, येताना गटाचं विक्रीचं रजिस्टर आणावं. नमस्कार.